न दुखणारा गुडघा

अमदावाद,
२४ सप्टेंबर २०१०

परमपूज्य साध्वीजी मृदुगुणाश्रीजी महाराज यांच्या चरणी रसीलाची मत्थएण वंदामि. आपण सुखशातेत असाल.

संवत्सरी होऊन गेली. वर्षभरात मनाने, बोलण्याने, वागण्याने आपल्याला दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. दीक्षेआधी आपण माझी वेणी ओढून मला रडवायच्या, तेही या वर्षी मी सोडून दिलं. बघा, केवढी मोठी झाले मी!

आता खरी बातमी. या संवत्सरीच्या तीन तासांच्या प्रतिक्रमणाला मी खाली बसले. लोकरीच्या कटासण्यावर, मांडी घालून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आणि उठले ती कुणाचाही हात न धरता! गेल्या वर्षी पाटणला आपल्या वंदनाला आले तेव्हा सगळ्या बायका खाली आणि मी एकटी प्लास्टिकच्या खुर्चीवर. लाजेने मान वर झाली नव्हती. या वेळी उपाश्रयातल्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. हे घरी म्हणाले, "कुणाचे पाय लावून आलीस?"

हे कसं झालं ते सांगते, पण रागावू नका. इथे एक सेंटर आहे, नवी औषधं माणसांवर लावून बघतात. आमच्या सोसायटीतली तळमजल्यावरची जासूदबेन मला तिथे घेऊन गेली. तीच ती, व्याख्यानात घोरते ती. तिचेही गुडघे गेलेले. महिन्याला एक सुई पोटावर. अर्ध्या लोकांना औषध आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचतात. कुणाला काय मिळतं ते टोचणाऱ्यालाही माहीत नसतं. वर जाण्यायेण्याचं भाडं आणि दिवस बुडाल्याचे पैसे देतात. सही करण्याआधी सगळं गुजरातीत वाचून दाखवलं. मी एकच विचारलं, यात कुठल्या जीवाचं काही आहे का? ती मुलगी गोंधळली, डॉक्टरांना विचारून आली, आणि म्हणाली की प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून केलेलं आहे. आपण म्हणाल ते प्रायश्चित्त घेईन.

दर वेळी विचारतात, दुखणं शून्य ते दहामध्ये किती? पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बाळंतपण दहा धरायचं का, ते आधी ठरवा." ती हसली आणि सात लिहून घेतलं. आता दोन सुयांनंतर माझं शून्य आहे. जासूदचंही शून्य! आम्हा दोघींना काही मिठाचं पाणी मिळालेलं नाही, एवढं नक्की.

म्हणून विनंती. या कार्तिकी पुनवेनंतर पालिताण्याला जाऊन मला नव्वाणू करायची आहे. शत्रुंजय नव्याण्णव वेळा चढायचा आणि उतरायचा, हे बाने, आपल्या आईने, शेवटपर्यंत मनात धरलं आणि तिला जमलं नाही. मलाही जमणार नाही असंच धरून चालले होते. सुया फाल्गुनापर्यंत आहेत. त्यानंतर दुखणं परत येऊ शकतं, असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. भगवंतांनी सहा महिन्यांपुरते गुडघे दिलेत, ते स्वयंपाकघरात खाखरे शेकण्यात घालवू? आपण पत्रातून नियम द्या. आपल्या तोंडचा नियम असला की मी ढळणार नाही.

आपले गुडघे कसे आहेत? खरं लिहा.

आपली श्राविका,
रसीला


पाटण,
आश्विन शुद्ध अष्टमी

श्राविका रसीलाबेन,

धर्मलाभ.

पत्र मिळालं. भगवंत कुणाला गुडघे देत नाहीत, तुम्ही इतकी वर्षं व्याख्यानं ऐकून हेच शिकलात का? दुःख भोगायला लावणारं अशाता वेदनीय कर्म खपलं, म्हणून दुखणं गेलं. सुई फक्त निमित्त.

पैसे घेऊन अंगावर औषध घेणं मला रुचलं नाही. पण ते औषध उद्या दुसऱ्या कुणाच्या कामी येणार असेल तर निषेधही करवत नाही. घेतलेले पैसे खाण्यापिण्यात घालू नका, यात्रेत घाला.

तुमचं पत्र मी गुरुणीजींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "दुखणं गेलं म्हणजे रोग गेला. जाऊ दे तिला." त्यांचंच बघा. ऐंशीला टेकल्या, मधुमेह आहे, तरी विहारात खडी असो की तापलेला डांबरी रस्ता असो, अनवाणी चालताना तोंडातून उफ् निघत नाही. मागच्या उन्हाळ्यात आम्ही बाकीच्या साध्व्या पाय पोळून रडत होतो आणि त्या पुढे चालत होत्या. मी म्हटलं, "गुरुणीजी, आपल्याला काहीच होत नाही?" त्या म्हणाल्या, "मला खालचं कळतच नाही ग आता." अशी समता मला कधी येणार!

तर नियम देते. हे वाचताना पूर्वेकडे तोंड करून हात जोडा. कार्तिकी पुनवेपासून फाल्गुन शुद्ध त्रयोदशीपर्यंत गिरिराजाची नव्वाणू पायी पूर्ण करीन, डोलीत बसणार नाही, दिवसातून एकदाच जेवून एकाशन करीन. सूत्र खाली लिहिलं आहे ते तीनदा म्हणा.

आम्हीही पुनवेनंतर विहार करून तिकडेच येत आहोत. फाल्गुनात पालिताण्याला भेट होईल. वाटेत पत्र शंखेश्वर, विरमगाम आणि लिंबडीच्या उपाश्रयांवर पाठवा. कुठेतरी गाठेल.

माझ्या गुडघ्यांचं विचारलंत. चालतात.

साध्वी मृदुगुणाश्री


पालिताणा, धर्मशाळा,
१२ डिसेंबर २०१०

पूज्य महाराजजी, मत्थएण वंदामि.

काय लिहू आणि किती लिहू! पहाटे डोंगराच्या पायथ्याशी, तळेटीला वंदन करून चढायला लागतो, उन्हं तापायच्या आत वरच्या देवळात दादांचं दर्शन, खाली येऊन एकदाच जेवण. कुठल्या कुठल्या दिवशी दोनदाही होतं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान बायका हिंगळाजच्या चढावर बसकण मारतात आणि मी त्यांच्या शेजारून टुणटुण वर! सुरतेची एक बाई म्हणाली, "माजी, तुम्ही काय खाता?" जासूद मागून ओरडली, "सुई खाते, सुई!"

जासूदही बरोबर आहे ना. तिने नियम घेतला नव्हता. पहिल्या यात्रेनंतर म्हणाली, "तू एकटी मोक्षाला जाणार आणि मी खाली बसून भजी तळणार होय?" लगेच इथल्या महाराजांकडून तिनेही घेतला. दिवसभर तोंड चालू असतं तिचं. डोलीवाले तिला घाबरतात. त्यांनी "माजी, डोली?" म्हटलं की ही म्हणते, "ये, तूच बस, मी नेते."

पाच तारखेला दोघी बसने अमदावादला जाऊन सुई घेऊन आलो. सेंटरमधल्या मुलीने नेहमीचं विचारलं. आकडा? शून्य. चालणं-फिरणं नेहमीपेक्षा जास्त आहे का? मी म्हटलं, "घरातलंच." जासूदने माझ्याकडे बघितलं आणि तिनेही "घरातलंच" म्हटलं. डोंगराचं नाव काढलं असतं तर सुई बंद झाली असती, मग नियम कसा पुरा व्हायचा? हे खोटं मनाला लागलं आहे, म्हणून आपल्याला सांगते. मिच्छामि दुक्कडम्.

उजवा गुडघा संध्याकाळी थोडा फुगतो. दुखत मात्र नाही. पाण्याची पट्टी ठेवते, की उतरतो.

यांचा रोज फोन असतो. म्हणतात, "डाळीत मीठ घालायचं का साखर, एवढं सांग आणि मग हवी तेवढी चढ." चाळीस वर्षांत पहिल्यांदा माणूस स्वयंपाकघरात शिरला, हेही यात्रेचंच फळ!

रसीला


शंखेश्वर,
मार्गशीर्ष वद्य दशमी

श्राविका रसीलाबेन,

धर्मलाभ.

आज इथे पोष दशमीची गर्दी आहे; उत्तरेच्या पंचांगात हा महिना पोषच. अठ्ठमच्या, सलग तीन उपवासांच्या तपस्व्यांनी उपाश्रय भरला आहे. एका कोपऱ्यात बसून लिहिते आहे.

तुमच्या यात्रेची अनुमोदना. पण खोट्याची नाही. ज्या तोंडाने दादांची स्तुती करता त्याच तोंडाने "घरातलंच" म्हणालात? सत्य सोडून केलेली यात्रा म्हणजे गाळणीत पाणी भरणं. पुढच्या वेळी जाल तेव्हा खरं सांगा. सुई बंद झाली तर होऊ द्या. तुमचा गुडघा बरा झाला असेल तर सुईशिवायही चालेल, आणि नसेल बरा झाला तर तेही कळेल.

गुडघा फुगतो हे मला आवडलं नाही. फुगतो आणि दुखत नाही, असं कसं? आमच्याकडे गुडघा फुगला की आधी जीव जातो. मी हे स्वतःवरून सांगते आहे. "चालतात" असं लिहिलं होतं ते अर्धंच खरं होतं. सकाळी पहिली पन्नास पावलं भिंत धरून असतात. लिहिण्यासारखं काही नाही म्हणून लिहिलं नाही. तुम्हाला सत्याचा उपदेश करताना हे मनात टोचलं, म्हणून लिहिते.

गुरुणीजी दोन दिवस जरा थकल्यासारख्या आहेत. अंगात कणकण आहे. कारण समजत नाही. म्हणून इथे मुक्काम वाढला.

साध्वी मृदुगुणाश्री


पालिताणा,
९ जानेवारी २०११

महाराजजी, वंदामि.

हे पत्र विरमगामला पाठवते. तिथून निघाला असाल तर लिंबडीला पाठवून देतील.

चार तारखेला सेंटरमधून फोन आला, सुई घ्यायला येऊ नका. मी म्हटलं, का? ती मुलगी म्हणाली, "मॅडम, औषध सगळीकडे थांबवलंय. परदेशात काही लोकांचे सांधे खराब झालेत. तुम्ही गुडघ्यांचे एक्स-रे फोटो काढायला या. आणि तोपर्यंत जास्त चालू नका, जिने चढू नका." हातात काठी होती आणि मी तळेटीवर उभी होते. मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? डोंगरावर उभी राहून "जिने चढत नाही" म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

आपण म्हणाल, आपलं पत्र मिळालं नाही का? मिळालं. त्याच दिवशी, फोननंतर. खरं सांगा, असं आपण लिहिलंत. सांगेन. पण पुरी झाल्यावर सांगेन. आता थोड्याच राहिल्यात हो! अंगातलं औषध अजून आहे, गुडघा अजून शून्यच आहे. उद्या ते उतरलं आणि दुखायला लागलं की मी वर कशी जाणार? फोटो काढायला गेले तर ते मला सोडणार नाहीत. नियम मोडून बाच्या फोटोला काय सांगू?

आणि परदेशातल्या लोकांचं आपल्याला काय? ते काय खातात, काय पितात! आपण एकाशन करतो, उकळलेलं पाणी पितो. जासूदही हेच म्हणते.

जासूदचा डावा गुडघा चढताना कट् कट् वाजतो. रोज सकाळी ती म्हणते, "ऐक, माझा घड्याळजी उठला." परवा उतरताना ती एकदम बाजूला झुकली. मी किंचाळले. ती म्हणाली, "ओरडतेस काय, दुखलं का मला?" मग आम्ही दोघी हसलो, पण मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पुन्हा गेलोच.

माझाही उजवा पाय थोडा बाहेरच्या बाजूला वळलाय असं वाटतं. चपला घालून कळलं असतं, पण इथे अनवाणीच असते.

घाबरू नका. गुडघा गेला तर गेला, गिरिराज कुठे जातोय! फाल्गुनात आपण याल तेव्हा मी तळेटीवर हार घेऊन उभी असेन.

रसीला


लिंबडी,
पौष शुद्ध द्वादशी, सकाळ

रसी,

हे पत्र पोस्टाने नाही, इथल्या हसमुखभाईंच्या हाती पाठवते आहे. ते आत्ताच्या बसने निघत आहेत. तू जिथे असशील तिथे तुझ्या हातात देतील. वाचेपर्यंत एक पायरी चढू नकोस.

तुझं पत्र विरमगामहून फिरत फिरत काल संध्याकाळी इथे आलं. ते वाचण्याआधी इथे काय झालं ते ऐक. शंखेश्वरहून निघालो. गुरुणीजी रोज चालत होत्या. ताप येत होता, जात होता. तीन दिवसांपूर्वी इथे पोहोचलो. सकाळी लहान साध्वी पुंजणीच्या मऊ झाडूने लादी झाडायला गेली आणि ओरडली. पांढऱ्या फरशीवर दारापासून गुरुणीजींच्या आसनापर्यंत लाल ठसे. आम्ही पाय उचलून बघितला. टाचेत वेड्या बाभळीचा काटा, बोटाएवढा, आत गेलेला, आणि सगळी टाच कुजलेली. किती दिवस होता कुणास ठाऊक. शंखेश्वरच्या आधीचाही असेल. त्यांना माहीतच नाही! आम्ही सगळ्या तोंडाला पदर लावून उभ्या आणि त्या विचारतात, "काय झालं? मला तर काही होत नाही."

डॉक्टर म्हणाले, मधुमेहाने पाय बधिर झालेत, काटा टोचला हे सांगणारं आत कुणी उरलंच नाही. पाय घोट्यापासून काढावा लागेल.

आणि मी मूर्ख, त्यालाच समता म्हणत होते. तुला कौतुकाने लिहून पाठवत होते! दुखणं गेलं म्हणजे रोग गेला, हे आम्ही दोघींनी तुला सांगितलं. तसं नाही ग. तुझा गुडघा बरा झालेला नाही. त्याचं तोंड बांधलंय. तो आत ओरडत असेल आणि तुला ऐकू येत नाही.

आता नियमाचं. मी लिहिलेलं सूत्र काढ. त्यात "महत्तरागारेणं" असा शब्द आहे. तू तीनदा म्हटलास तो. त्याचा अर्थ, मोठ्यांची आज्ञा झाली तर हा नियम सुटतो, आणि सुटण्याचं पाप लागत नाही. त्याच्या पुढचाच शब्द प्रकृतीसाठी सूट देणारा आहे. पूर्वाचार्यांनी प्रत्येक नियमात दार ठेवलंय, कारण त्यांना माहीत होतं की आपल्यासारखी हट्टी माणसं आत कोंडून घेतील. मी ते दार उघडते आहे. ही माझी आज्ञा आहे. नव्वाणू आजपासून बंद. उरलेल्या यात्रांचा हिशेब माझ्यावर. जासूदबेनलाही हे दाखव, तिला नियम देणाऱ्या महाराजांकडे घेऊन जा, तेही हेच सांगतील.

आणि सेंटरला जाऊन सगळं खरं सांग.

साध्वीने बहिणीच्या मोहात पडू नये, हे मला तू शिकवायला नको. त्याचं प्रायश्चित्त मी घेईन. तू उतर, बाई. उतर.

मोटी बेन


अमदावाद,
६ मार्च २०११

पूज्य महाराजजी, मत्थएण वंदामि.

इतके दिवस लिहिलं नाही, क्षमा करा. गुरुणीजींचा पाय काढला आणि आता त्या लिंबडीतच स्थिरवासात आहेत, हे हसमुखभाईंकडून कळलं. आपण त्यांना सोडून पालिताण्याला येणार नाही, हेही कळलं. तेच बरोबर आहे.

त्या दिवशीचं सगळं सांगते. हसमुखभाई आले तेव्हा मी पहिली यात्रा करून खाली आले होते. दुपारचं जेवण व्हायचं होतं. पत्र वाचलं आणि तळेटीच्या पायरीवर बसले. नियम सुटल्याचं मला वाईट वाटलं नाही, महाराजजी. पहिली ओळ वाचून रडू फुटलं. "रसी" म्हणून आपण मला तेहतीस वर्षांनी हाक मारलीत.

मग एकदम आठवलं. जासूद वर आहे! तिने त्या दिवशी दुसरी यात्रा धरली होती. मी उठले, काठी घेतली, आणि दोन पायऱ्या चढलेही. मग थांबले. एक पायरी चढू नकोस, असं लिहिलेलं. वर मैत्रीण आणि हातात आपली आज्ञा. आयुष्यात एवढं कठीण कधी गेलं नाही. शेवटी दोन डोलीवाल्यांना पाठवलं आणि सांगितलं, "जासूदबेनना कसंही करून बसवून आणा. मी बोलावलंय म्हणावं."

त्यांनी तिला वरच्या चढावर गाठलं. पण ती ऐकणारी का? म्हणाली, "डोलीत बसले तर यात्रा मोजणार कोण, तुझा बाप?" डोलीवाला म्हणाला, "माजी, खाली तुमची बेन रडतेय." तेव्हा ती वळली. पण पायीच. रिकामी डोली घेऊन ते दोघे तिच्या मागून चालत आले. हिंगळाजच्या उतारावर तिचा पाय मुडपला आणि ती खाली बसली. त्यांनी मोठा आवाज ऐकला, वाळकी फांदी मोडावी तसा. ते धावले. तर ही स्वतःच हात टेकून उठली, आणि म्हणाली, "काही झालं नाही, दुखत नाही. चला."

आणि ती चालत आली, महाराजजी. तेवढं सगळं चालत खाली आली. मी तळेटीवरून बघत होते. लांबून मला हात हलवून दाखवला. जवळ आली तेव्हा दिसलं, डाव्या पायाचा पंजा पूर्ण बाहेर वळलेला आणि गुडघा भलतीकडेच. हसत विचारते, "कुणी मेलं की काय? एवढं काय बोलावणं पाठवलंस?" डोलीवाल्याने तिच्या पायाकडे बघून तोंड फिरवलं.

भावनगरला नेलं, तिथून अमदावादला. माझाही फोटो काढला. माझ्या उजव्या गुडघ्यातलं हाड एका बाजूने झिजून चुऱ्यासारखं झालंय. आणखी थोड्या यात्रा केल्या असत्या तर मीही जासूदच्या शेजारच्या खाटेवर असते. तिच्या गुडघ्यात तर जोडण्यासारखं फारसं उरलंच नाही. डॉक्टर म्हणतात, औषध अंगातून पुरतं उतरू दे, तिचं तिला कळायला लागू दे, मगच नवा सांधा घालता येईल.

आता खरं सांगण्याचं. जासूदचा नीरव हॉस्पिटलच्या जिन्यात मला भेटला. हात जोडून म्हणाला, "रसीलामासी, डोंगराचं बोलू नका. घरातच होतो म्हणा. डोंगर म्हटलं की ते म्हणतील तुमचीच चूक, आणि आईच्या ऑपरेशनचा एक पैसा देणार नाहीत." चूक तर आमचीच होती. पोराच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी त्याला "बघते" म्हटलं.

सेंटरमध्ये गेले. डॉक्टर समोर बसले. त्यांनी विचारलं, चालणं-फिरणं? तोंडात "घरातलंच" आलं होतं. आपली ती फरशी डोळ्यांसमोर आली, लाल ठशांची. मी म्हटलं, "शत्रुंजय चढत होतो. दोघी. रोज." त्यांचं पेन थांबलं. म्हणाले, "एवढं चढताना दुखलं नाही?" मी म्हटलं, "दुखलं असतं तर चढलो असतो का? तोच तर घोळ झाला. हाड मोडलं तरी जासूद हसत उतरली." ते म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "सुई बंद झाली असती. आणि डॉक्टरसाहेब, डोंगर चढू नका हे तुम्हीही आधी सांगितलं नव्हतं." ते म्हणाले, "कुणी चढेल असं वाटलंच नाही. गुडघे दुखणारी माणसं होती." मी म्हटलं, "दुखणं तर तुम्ही काढून घेतलं होतं!"

त्यांनी माझ्यासमोरच सगळ्यांना फोन लावायला सांगितले. एक कडिया, म्हणजे गवंडी, पुन्हा परांचीवर चढायला लागला होता. एक बाई संगीत सोहळ्यात रोज गरबा शिकवत होती. त्यांना त्याच दिवशी बसवलं.

ऑपरेशनच्या खर्चाचं अजून काही ठरलं नाही. कागद वर गेलेत म्हणतात. नीरव माझ्याशी बोलत नाही. समोर आला की दुसऱ्या जिन्याने जातो. जासूद मात्र बोलते. मी तिला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंस. पण मला आधी विचारायचं होतंस." ते लागलं मला.

आता ती घरी आहे, पाय पट्ट्यांत बांधून उशीवर. मला जिना बंद, तिला उठणं बंद. ती तळमजल्यावर, मी तिसऱ्यावर, म्हणून फोनवर बोलतो. रोज सकाळी मी विचारते, "आलं का?" ती म्हणते, "नाही ग. नुसत्या मुंग्या चालतात." मग ती विचारते, "तुझं?" मी म्हणते, "नाही." दोघी ठेवून देतो.

काल सकाळी खुर्चीवर बसून सामायिक, माझं रोजचं ध्यान, करत होते. हो, पुन्हा त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर. उजव्या गुडघ्यात आतून एक कळ आली, पायाच्या बोटांपर्यंत गेली. तोंडातून "ओ मा" निघालं. हे स्वयंपाकघरातून धावत आले, हातात झारा तसाच. म्हणाले, "काय झालं?" मी रडत होते आणि हसत होते. म्हटलं, "दुखतंय! अहो, दुखतंय!"

सामायिक पुरं केलं आणि लगेच जासूदला फोन लावला. म्हटलं, "आलं."

मला वाटलं फोन कट झाला. मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "माझं कधी येणार ग?"

रसी